काळ्या वायरी मध्ये

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

कॉम्प्युटर घ्यायचा! ह्यांनी आज स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवत होते, हातातला 'ज्ञ' खाली पडला.

निमित्त कौतिक पाटलांच्या मुलीची लग्नपत्रिका. हल्ली गिऱ्हाइकाला खिळ्यांची अक्षरं नको असतात, कॉम्प्युटरची हवीत. म्हणून आम्ही मजकूर जळगावला पाठवतो, तिथून अक्षरं तयार होऊन आली की इथे धुळ्यात आपल्या प्रेसवर छापतो. या वेळी 'सुनंदा'चं 'सुनंद' होऊन आलं. नवरीच्या नावातल्या एका कान्यासाठी हे दोनदा एस.टी.नं जाऊन आले. चप्पल काढतानाच म्हणाले — "बास. आपलाच घेऊ."

२० नोव्हेंबर

जळगावच्या दुकानाचा माणूस आला होता. टाय लावून! तयार कॉम्प्युटर, कंपनीचा, गॅरंटीसकट. "नुसतं बटण दाबायचं, वहिनी."

मी विचारलं, आत काय असतं? त्यानं उत्तर दिलं ते ह्यांच्याकडे बघून. आणि वर म्हणे सील असतं. ते तोडलं की गॅरंटी संपली. म्हणजे आपल्याच वस्तूचं झाकण आपण उघडायचं नाही!

२१ नोव्हेंबर

समोरच्या एस.टी.डी. बूथवरून भिकनला फोन केला. माझा धाकटा भाऊ, चाळीसगावला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मित्राबरोबर दोन कॉम्प्युटर जोडलेत त्यानं. "तयार कशाला घेता, ताई? सुटे भाग मुंबईहून आणू, मी येऊन जोडून देतो. तेवढ्याच पैशात प्रिंटरपण येईल. आणि पुढे काही वाढवायचं झालं तर झाकण उघडायचं, वाढवायचं!"

प्रिंटरपण!!

हे म्हणाले, "तुझ्या भावाला हौस आहे. धंदा हौसेवर चालत नाही." ताटावरून उठले.

२३ नोव्हेंबर

अबोला.

२६ नोव्हेंबर

शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, ऐन लग्नसराईत बंद पडला तर जळगावचा माणूस कधी येणार? मुहूर्त टळल्यावर? भिकन हाक मारली की येईल.

हे म्हणाले — "ठीक आहे. पण चालला नाही तर मी भिकनला काही बोलणार नाही. तुला बोलेन."

बोला की! मला बोला!

नंतर मात्र वाटलं — माहेरच्या माणसानं केलेलं फसलं तर ते जन्मभर ऐकावं लागतं. उद्या भाजीत मीठ जास्त झालं तरी कॉम्प्युटर निघेल.

३ डिसेंबर

भिकन आणि मी मुंबईला जाऊन आलो. काय ती दुकानं! भिंतींना वायरी लटकलेल्या, बोलायला कुणाला फुरसत नाही. भिकन एकेक भाग उजेडात धरून बघायचा, लुगड्याचा पोत बघावा तसा. मदरबोर्ड म्हणजे हिरवी पाटी — वर नुसते रस्ते आणि चौक, एखाद्या शहराचा नकाशाच! गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसले.

भिकन चाळीसगावला उतरला. रविवारी जोडायला येणार.

घरी सासऱ्यांनी विचारलं, "कुंदा, या खोकामा काय शे वं?"

"कॉम्प्युटर, आबा."

त्यांनी झाकण उचलून आत डोकावलं. "हाई ते तुटेल शे!" सुटे भाग बघून त्यांना वाटलं, मोडकाच आणला.

५ डिसेंबर

भिकन मोटारसायकलवरून पडला. उजव्या हाताला प्लास्टर. बाकी सुखरूप आहे, देवाची कृपा.

 ह्यांनी जळगावच्या दुकानाचा जाहिरातीचा रंगीत कागद पुन्हा टेबलावर काढून ठेवलाय.

६ डिसेंबर

मी जोडणार. सांगून टाकलं!

८ डिसेंबर, रविवार

काय दिवस गेला!

भिकन चाळीसगावला फोनवर. हे समोरच्या बूथमध्ये रिसीव्हर कानाला लावून. मी प्रेसमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. मध्ये रस्ता! भिकन ह्यांना सांगणार, हे मला ओरडून सांगणार.

"मेमरीची पट्टी! खट् आवाज येईपर्यंत दाब!"

"आला!"

भाजीवाल्या द्रौपदाबाई गाडी थांबवून बघत राहिल्या. सायकलवाले थांबले. मला लाजायलाही वेळ नव्हता.

शेवटी विजेच्या दोन जोडण्या राहिल्या. अगदी सारख्या दिसतात, शेजारी-शेजारी बसतात. हे ओरडले — "काळ्या वायरी बाहेर!" त्याच वेळी ट्रक गेला. मी बसवल्या. बोट बटणावर ठेवलं... आणि दाबवेना. त्या आवाजात ह्यांना तरी नीट ऐकू आलं असेल का?

धावत रस्ता ओलांडला, ह्यांच्या हातातून फोनच ओढून घेतला. "भिकन, काळ्या बाहेर की मध्ये?"

"मध्ये, ताई! मध्ये! काळीला लागून काळी! उलट्या लावल्यास तर बोर्ड जळेल!"

फोनमधला आवाज ह्यांनाही ऐकू गेला. चेहरा खर्रकन उतरला. मी फोन ह्यांच्या हातात कोंबला. परत धावले. मागोमाग हेही आले, बूथवाल्याच्या हातात फोन देऊन. मी जोडण्या काढल्या, काळ्या वायरी मध्ये घेऊन पुन्हा बसवल्या.

"मी दाबू?" हे म्हणाले.

"नाही. मी."

दाबलं. पंखा फिरला. एक बारीक टूं — आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर उमटली!

हेच रस्त्यावर धावले. "भिकन! चालला रे, चालला!" सगळ्या बाजाराला ऐकू गेलं.

१० डिसेंबर

मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम घातला. पहिलं 'श्री' टाइप केलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं — पडदाभर! आबा खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर खिळे जुळवलेला माणूस. म्हणाले, "बठ्ठा खिळा यामाच शेतस का वं?"

सगळे, आबा. सगळे!

१६ डिसेंबर

शिरपूरचे एक प्रेसवाले आले होते. त्यांनाही असाच जोडून हवाय. भिकनचा पत्ता मागत होते. हे म्हणाले, "त्याचा हात बरा व्हायचाय अजून. पण घरातच माणूस आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

गुरुवारी मुंबईला चाललेय, भाग आणायला. एकटी!