आठ नंबरचा व्हॉल्व्ह

१० फेब्रुवारी १९५८, चिंचवड

आठ नंबरच्या व्हॉल्व्हला तडा आहे! रॉकेलमध्ये बुडवला, पुसला, वर खडूची पूड मारली — केसासारखी ओली रेघ उमटली. पुन्हा केलं. तीच रेघ.

मालकांना दाखवला. हिंदुराव म्हणाले, "शौकत, आरं डोळ्याला दिसंना, त्यो कसला तडा? मर्झान सरकारनं बारा मागितल्यात, बारा जातील." आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

खोक्यावर लिहिलंय — पंपाचे भाग. पंपाला एवढा दाब सोसणारे व्हॉल्व्ह कशाला लागतात?

११ फेब्रुवारी

खोकं गेलं. बोललो नाही काही.

१४ फेब्रुवारी

नूरभाईचं पत्र! माझा थोरला भाऊ, दोन वर्षांपासून मर्झान देशात फिटर. तिथं पोस्टात पत्रं उघडतात, म्हणून खलाशाच्या हाती दिलं. त्यानं मुंबईत पेटीत टाकलं.

लिहितो — "शत्रूचा अग्निबाण आभाळातच फोडणारा अग्निबाण इथं बनतोय. जमेल की नाही, साहेबांनाही ठाऊक नाही. पंधरा मार्चला चाचणी. आणि गंमत बघ, इंधनाचे व्हॉल्व्ह तुमच्या कारखान्यातले! बसवणार मीच. इंधन भरताना जवळ मीच उभा राहणार."

गंमत!

१५ फेब्रुवारी

नूरभाईला कळवायला हवं. पत्र बोटीनं जाईल, महिना लागेल. तार करावी — तर ती तिथं वाचणार. गुप्त कामाची खबर मला कुणी दिली, विचारणार.

बायकोला, झुलेखाला, सगळं सांगितलं. म्हणाली, "वाचतात तर वाचू देत. भाऊ जिवंत हवा ना तुम्हाला?"

१७ फेब्रुवारी

तार केली. "आठ नंबर तडकलाय, लावू नको." खाली नाव घातलं नाही. भ्यालो.

१५ मार्च

आज चाचणी. मशीनवरचे तीन भाग बिघडवले. चौथ्याला मशीन बंद करून बाहेर येऊन उभा राहिलो. मर्झान कुठल्या दिशेला, तेही नीट माहीत नाही.

२२ मार्च

हिंदुरावांनी ऑफिसात बोलावलं. मर्झानच्या मुंबईतल्या वकिलातीचं पत्र. आठ नंबर उघडून तपासला, तडा सापडला. चाचणी थांबवली. जवळ वीस माणसं होती — सगळी वाचली!

"फुडं ऐक," मालक म्हणाले.

नूरभाईला अटक झालीय. गुपित फोडल्याचा आरोप. तार कुणी केली, ते सांगत नाही.

"तूच केलीस, मला ठावं हाय," हिंदुराव हळू आवाजात म्हणाले. "पर गप ऱ्हा. तुजं नाव निघालं तर इचारतील, तडा म्हाईत असून माल धाडला कुणी? कारखाना बंद पडंल. चाळीस घरं हायेत ह्यावर."

मी म्हटलं, "आणि माझा भाऊ?"

त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं.

२३ मार्च

तारेची पावती खिशात घातली आणि तार मीच केली, तडा मला इथंच दिसला होता, हे सांगायला मुंबईला, मर्झानच्या वकिलातीत जायला निघालो. स्टेशनवर हिंदुराव आधीच येऊन उभे. हातात दोन तिकिटं.

"चल," म्हणाले. "सही माजी हाय."