पाठीवरचा नळ

३ फेब्रु. २००१, अल मनखूल, दुबई
फायर सेफ्टीचा कोर्स सुरू. अर्धं आयुष्य फौजेत काढून या वयात पुन्हा बाकावर. वर्गात सगळ्यात म्हातारा मीच, आणि शिकवणारे थॉमस सर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. पास झालो तर तेलाच्या डेपोत नोकरी, व्हिसा, आणि शाळेला सुट्टी लागली की नंदा आणि पोरी इकडे. नापास झालो तर पुण्याला परत, बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर.
जोड्या लावल्या. माझा बडी अस्लम, चकवालचा. पाकिस्तानी. एवढ्या माणसांत नेमका हाच माझ्या वाट्याला.

६ फेब्रु.
अ. म्हणतो, गावी ट्रक चालवायचो. मीही त्याला ट्रान्सपोर्टमध्ये होतो असंच सांगितलंय. पण ट्रकवाल्याचे बूट असे चमकत नाहीत. कॅन्टीनमध्ये भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. मलाही तशीच जागा लागते, आणि भिंतीकडची खुर्ची एकच. आज त्याने आधी पटकावली. पाठ उघडी टाकून जेवलो.

८ फेब्रु.
घरी, म्हणजे बहिणीकडे जिथे उतरलोय तिथे, विषय काढला. सुलभा म्हणाली, "दादा, आमचा टॅक्सीवाला तिकडचा, टेलर तिकडचा. उगाच राईचा पर्वत करू नकोस." मेहुण्यांचं म्हणणं, नोकरी करायला आलात, लढाई करायला नाही. बरोबर असेल. पण मेहुण्यांनी जन्मभर एसी विकले, सीमेवर एकही हिवाळा काढलेला नाही.
भाची अभ्यास सोडून ऐकत होती. "मामा, इज ही अ स्पाय?"
सगळे हसले. मीही हसलो. हाच प्रश्न माझ्या डोक्यात तीन दिवस...

१२ फेब्रु.
आज बडी चेक. धुरात जायचं तर पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. सिलिंडरचा नळ मागे, दिसत नाही, म्हणून आपला आपण बघायचाच नाही. जोडीदाराने तो पूर्ण उघडायचा, पट्टे ओढून बघायचे, खांद्यावर दोन थापा मारायच्या. थापा पडल्या की पुन्हा हात लावायचा नाही. सरांनी हे घोकून घेतलं.
आम्हाला बरोबर उलटं शिकवलेलं. आपलं हत्यार आपण तपासायचं, देवाने तपासून दिलं तरी. इथे माझा श्वास अ.च्या हातात. वा रे नियम.

१७ फेब्रु.
टेस्ट. धुराच्या खोलीत निम्म्या वाटेवर हवा कमी पडायला लागली. मास्क गालांना चिकटला. गुडघ्यावर आलो. अ.ने पट्टा धरून फरफटत बाहेर काढलं.
मास्क निघाल्यावर माझं पहिलं वाक्य, सगळ्यांसमोर: "इसने वॉल्व बंद किया."
माझी खात्री होती. थापा मारण्याआधी त्याचा हात नळावर जरा जास्तच रेंगाळला होता.
थॉमस सरांनी ऑफिसात बोलावलं. "थाप के बाद वॉल्व पे हाथ किसका गया? मैं सामने खड़ा था."
माझा. सवयीने मागे हात घालून नळ चाचपला होता. जरा फिरवलाही. उलटा फिरला असणार.
दोघेही फेल. जोडी पास नाहीतर जोडी फेल, असा नियम.

१८ फेब्रु.
मेल्याहून मेल्यासारखं झालंय. माफी मागितली. अ. "खलास" म्हणाला आणि चहा घ्यायला गेला. झालं गेलं सोडून दिलं असं म्हणाला, की यापुढे माझ्याशी बोलू नका असं? तोंडावरून काही कळत नाही. त्याचीही नोकरी माझ्यापायी लटकली. आधी त्याला माझं वाईट करायला काही कारण नव्हतं. आता आहे.

२५ फेब्रु.
उद्या पुन्हा टेस्ट. शेवटची. नंदाचा फोन आला, पोरींच्या शाळेचं काय करू? उद्या सांगतो म्हटलं.
कॅन्टीनमध्ये अ. मला बघून भिंतीकडच्या खुर्चीवरून उठला आणि समोर जाऊन बसला, दाराकडे पाठ करून. म्हणाला, "हवलदार साहब, कल पहले आप मेरा चेक करना."
हवलदार होतो हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. कसं कळलं, विचारलं.
"मैं नायक था. आदमी पहचान लेता हूँ."
कुठे होतास, हे मी विचारलं नाही. त्यानेही नाही. दोघांनी डाळ-भात संपवला.
फौजेतल्या नायकाला एक हुद्दा वरचा हवलदार कसा ओळखू येतो ते मला ठाऊक आहे. तरी मनात येतंय, आधी माझ्याकडून करवून घेणार, मग माझ्या वेळी...
इतके दिवस त्याच्या हातावर नजर ठेवून होतो. उद्या आधी त्याची पाठ माझ्यासमोर, नळ माझ्या हातात. तो मान वळवून बघणार नाही, हे नक्की. मग माझी पाळी. थापा पडल्यावर माझा हात मागे गेला नाही म्हणजे मिळवली.