माया किती सोडायची

२ फेब्रुवारी

"नाही," म्हणाले बँडमास्तर. मी अजून अर्जाची घडी उलगडतच होते!

"तुझ्या अप्पांची खुर्ची आहे ती, बाई. ट्यूबाला अंग लागतं. तू त्या भोंग्यामागे बसलीस तर लोकांना वाटेल, आपोआप वाजतोय."

सगळा हॉल हसला. कॉर्नेटवाला रणगाडा सगळ्यात मोठ्यानं. परवाच त्याच्या कोटाचं पोटावरचं बटण तिसऱ्यांदा लावून दिलंय मी. उपकार विसरताना पोट आड येत नाही वाटतं.

हसा. अकरा वर्षं या बँडचे कोट शिवतेय. कुणाच्या छातीत किती आहे ते मला विचारा.

४ फेब्रुवारी

अप्पांना सांगितलं. एकेचाळीस वर्षं त्या खुर्चीत बसले, आता जिना चढताना दोनदा थांबतात. डॉक्टर म्हणतात, वजन उतरवा, नाहीतर धाप जाणार नाही. म्हणून तर खुर्ची रिकामी झाली.

मला वाटलं, चिडतील. मास्तरांना दोन शब्द सुनावतील. म्हणाले, "मास्तर चुकीचं नाही बोलला, काडी. अंग लागतंच."

काडी! वय एकोणचाळीस, उंची चार फूट नऊ, आणि घरात अजून काडी. आणि शिकवलं कुणी? यांनीच! बाराव्या वर्षापासून, स्टुलावर दोन उशा ठेवून, दर सुट्टीच्या दिवशी. तेव्हा का नाही म्हणालात, अंग लागतं?

"घरात वाजवणं वेगळं," म्हणाले.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग रडले म्हणून स्वतःचाच राग आला. भांडी जरा जास्तच घासली गेली.

५ फेब्रुवारी

अर्ज पुन्हा दिला. तोच कागद, फक्त तारीख खोडून.

९ फेब्रुवारी

आज मापांची वही घेऊनच गेले. बँडच्या कोटाला छातीची दोन मापं घ्यावी लागतात — श्वास सोडून एक, भरून एक. आईची पद्धत. तिच्यामागे मशीनही माझ्याकडे आलं आणि पद्धतही. नुसतं एक माप घेऊन शिवला की मार्चची पहिलीच धून वाजवताना शिवण उसवते.

मास्तरांसमोर वही उघडली. "रणगाडा — शेहेचाळीस, भरून साडेशेहेचाळीस. बासरीवाल्या मावशी — तेहेतीस, भरून साडेपस्तीस. मी — एकोणतीस, भरून बत्तीस. आता बोला!"

"मी पोटात भरतो," रणगाडा म्हणाला.

"ते दिसतंच आहे," मावशी म्हणाल्या. बाईला दंडवत!

मास्तरांनी वही मिटली. "कोटाची मापं वाजत नसतात. पुढच्या शनिवारी परीक्षा. घड्याळ लावून. एक श्वास, एक सूर, वीस सेकंद. नाही जमलं तर रविवारी ट्यूबा हॉलमध्ये जमा कर."

ट्यूबा बँडचा आहे, खरं आहे. पण माझ्या जन्मापासून तो आमच्याच कपाटाशेजारी उभा आहे. घरात पाहुणा आला की आधी त्यालाच धडकतो. तो गेला तर ती भिंत मला बघवणार नाही.

१२ फेब्रुवारी

घड्याळ लावून बसले. तेरा. चौदा. तेरा. बारा.

अप्पांना चोवीस यायचे, बोलता बोलता.

इथं खोटं कशाला लिहू? डबा लहान आहे. त्यात मावतं तेवढंच मावणार. मास्तरांचं एवढं तरी खरं आहे, आणि तेच डोक्यात जातंय.

१३ फेब्रुवारी

चौदा. डोळ्यांपुढे काजवे.

१४ फेब्रुवारी

सकाळी रणगाड्याचाच कोट मशीनवर होता. पुन्हा सैल करायचा. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते म्हणून तर सैल होतो. कापड बेतात असलं की आई म्हणायची, एका जागी ढीगभर सोडू नकोस, जिथं नजर जात नाही तिथं बोटभर बोटभर सोड.

आणि माझा पाय पायडलवरच थांबला.

अगं वेडे, गेली सत्तावीस वर्षं तू तेच तर करतेस! मला कधीच एका श्वासात अख्खी ओळ झेपली नाही. मी घेते श्वास — ढोलाच्या ठोक्याखाली, सूर जिथं तसाही सुटतो तिथं, बोटभर बोटभर. वरून शिवण दिसते, आतली माया दिसत नाही.

कोट तसाच टाकला आणि मार्च वाजवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आतल्या खोलीतून अप्पा ओरडले, "श्वास कुठे घेतलास?"

"सांगणार नाही!"

मग आतून, "पुन्हा वाजव."

१६ फेब्रुवारी

झाली परीक्षा.

चौदा सेकंद. मास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. रणगाडा म्हणाला, "चला, उद्या ट्यूबा आणायला टेम्पो सांगा." टेम्पो म्हणे! इतकी वर्षं अप्पा उचलत आले, मी उचलते, आणि याला टेम्पो लागतो.

मी उठलेच नाही. ट्यूबा मांडीवर असला की त्याच्यामागचं माझं रडवेलं तोंड कुणाला दिसत नाही. लहान असण्याचा हाही एक फायदा! म्हटलं, "आता मार्च वाजवते. सगळ्यांनी डोळे मिटा. मी श्वास घेतला असं वाटेल तिथं हात वर करा. ढोलवाले काका, तुम्ही मात्र ठोका धरा. मास्तर, मिटू नका तुम्ही. मोजा."

वाजवला. रणगाड्यानं चारदा हात वर केला, चारही वेळा चुकला. बाकीचे हात खालीच राहिले. सव्वीसदा श्वास घेतला मी. मास्तर बोटांवर मोजत होते आणि नंतर मोजायचे थांबले.

"घे खुर्ची," म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली, मावशीच असणार. मग मास्तर जवळ येऊन हळूच म्हणाले, "पण कोटाला खांद्यात, छातीत कापूस भर. मिरवणुकीत लांबून शोभलं पाहिजे."

"नाही," म्हणाले मी. ते अजून बोलतच होते!

"लोक हसतील."

"हसू देत. हसताना श्वास घ्यायला त्यांना थांबावं लागेल, मला नाही."

१७ फेब्रुवारी

ट्यूबा कपाटाशेजारीच आहे. आज दोनदा उगाचच पुसला.

१८ फेब्रुवारी

मिरवणूक चार दिवसांवर आणि निळं कापड संपलंय. अप्पा स्वतःच म्हणाले, "ट्रंकेत तळाशी माझा पहिला कोट आहे. तुझ्या आईनं शिवलेला. तो काप तुझ्या मापाला." मला भरून आलं. म्हटलं, नक्की कापू?

"काप. पण उसवशील तेव्हा मी गॅलरीत बसेन."

आता कोट उसवताना यांना काय बघवणार नाही?

१९ फेब्रुवारी

उसवला. खांद्यातून कापूस निघाला. छातीतून कापूस. पाठीतूनही! सगळीकडे आईचे बारीक टाके. कॉलरच्या आत चिठ्ठी, तिच्याच अक्षरात — "काडीचा कोट. छाती एकतीस, भरून चौतीस."

माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

ओंजळभर कापूस घेऊन गॅलरीत गेले. अप्पांनी बघितलं, आणि रस्त्याकडे तोंड केलं. म्हणाले, "तो कोट खरा करायला फार खाल्लं गं मी."