तुझा वीतभर व्रण

आई, गेल्या महिन्यात माझंही पित्ताशय काढलं. तुझंच दुखणं, उजव्या बरगडीखाली, तळलेलं खाल्लं की पाठीपर्यंत जाणारी तीच कळ. तुझं पोट वीतभर उघडलं होतं. मला पेणच्या डॉक्टरांनी चार बारीक भोकं पाडली, दुर्बीण घातली आणि दुसऱ्या दिवशी मी रोह्याला घरी. खांदा तेवढा ठणकला. पोटात भरलेल्या हवेमुळे ठणकतो म्हणे.

तू त्या व्रणाची कधी लाज धरली नाहीस. धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे करायचीस, आणि हाताखालची एखादी बाई पोट धरून, पित्त झालंय म्हणत कोकमाचं पाणी प्यायला लागली, की तू तिला स्वयंपाकघरात ओढायचीस, दार लावायचीस, आपला पदर बाजूला करायचीस. "बघ गो. एवढं फाडलं, शिवलं. मी हाय ना उभी? मग घाबरतेस कशाला?" मी तिथेच कोथिंबीर निवडत बसलेली. रडत आत आलेली बाई बाहेर जाताना दवाखान्याची वेळ विचारायची. मी इतकी वर्षं शाळेत शिकवतेय, पण असं पटवणं मला अजून जमलेलं नाही.

आता शेजारच्या वहिनींचं तेच झालं. सोनोग्राफीत खडे दिसले, एकदा डोळेही पिवळे झाले, डॉक्टर म्हणाले आता थांबू नका. नवरा शिफ्ट बदलून न्यायला तयार, पण वहिनींचं एकच, "मी नाय जायची. पोट फाडल्यावर मी परत येणार नाय." मला त्यांची खरंच धास्ती वाटायला लागली. म्हणून तुझ्यासारखंच केलं. आत नेलं, दार लावलं, पदर सारला. त्यांनी वाकून पाहिलं. "हे तर डास चावल्यासारखं हाय. बाई, तुमचं खरंच ऑपरेशन झालंय?"

काय फजिती झाली गं माझी! मग तुझं सांगितलं. माझ्याच पोटावर बोट फिरवून दाखवलं, इथपासून इथपर्यंत. त्यानंतरही तू वर्षानुवर्षं परातभर कणीक मळलीस, तेही सांगितलं. वहिनींनी आपल्या पोटावर तसंच बोट फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्यातनं त्या उठल्या?"

काल त्यांचं ऑपरेशन झालं. तू नाहीस हे त्यांना ठाऊक आहे, तरी शुद्धीवर येताच माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या आईंना सांगा, मी हाय."

म्हणून हे पत्र लिहिलं. टाकणार कुठे? आणि एक सांगायचं राहिलं. तुझा व्रण मी बोटाने पार बेंबीच्या खाली नेला. तेवढा नव्हता तो.