बाबांचा डबल बास

अहो,

“दुकानात तू मधेमधे बोलू नकोस, स्पीकरमधलं तुला काय कळतं?” असं काल म्हणालात. नाही बोलणार. बारापर्यंत माझं रोजचं मौन असतं आणि दुकान दहाला उघडतं.

ऐकून बघायला आणलेले ते छोटे स्पीकर मी परत नेतेय. दिसायला गोजिरवाणे आहेत, पण काल त्यावर बाबांच्या वाद्यवृंदाची जुनी रेकॉर्ड लावली, तेव्हा व्हायोलिनं, बासऱ्या सगळं ऐकू आलं. तीस वर्षं सगळ्यांच्या मागे उभं राहून बाबांनी वाजवलेला खर्जातला डबल बास तेवढा गायब. “माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं दिसत नाही,” असं म्हणून ते हसले. तुम्ही फोनवर होतात. ते हसू मी पाहिलं.

म्हणून जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढे स्पीकरच घेणार. माझ्या जपाच्या जागेचं निमित्त आता पुढे करू नका. खिडकीजवळची ती जागा मी सकाळीच रिकामी केली आणि आसन स्वयंपाकघरात नेलं. देवाला तिथूनही ऐकू येतं. बाबांना मात्र या छोट्यांतून येत नाही.

तुम्ही आंघोळीहून याल तोवर आम्ही निघालेलो असू. भाजी झाकून ठेवली आहे, पोळ्या डब्यात आहेत. रागवायचं असेल तर बारानंतर रागवा, म्हणजे मला उत्तर देता येईल.

“तुमचा डबल बास तुम्हाला ऐकवीन,” असं काल मी बाबांना कबूल केलंय. ते बूट घालून, रेकॉर्ड काखेत धरून दाराशी उभे आहेत. तिथे ते कान लावतील, मी बोट दाखवीन.

येते.