आजीचा डाग

आई, आज सकाळी गाडीच्या बॉनेटवरचा डाग काढला. पूर्ण निघाला नाही, पण अगदी वाकून पाहिल्याशिवाय आता दिसत नाही. आपल्या घरात त्या डागाला 'आजीचा डाग' असं नावच पडलं होतं. तुझी नात लहानपणापासून तसंच म्हणत आली, तुझ्यासमोरही म्हणायची, आणि तूही हसायचीस. तुला जाऊन बारा वर्षं झाली. तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि मीही नागपूर सोडून कधी कुठे गेलो नाही. आज लिहायला बसलो आहे, कारण त्या डागाबद्दल मला जे कळलं ते सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं.

गाडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबांचा हातमाग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मागाचा खड्डा बुजवून आपण तिथे फरशी घातली होती. मी हिंगण्याच्या कंपनीत बसनं जायचो, बसनं यायचो, आणि आपल्या दारासमोर स्वतःची गाडी उभी राहील असं गल्लीत कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. गडद निळा रंग मीच निवडला होता. मी गाडी दाराशी आणतो तर तू ताट घेऊन समोर उभी. "थांब गा बाबू, आधी ओवाळू दे तिले." चाकांखाली लिंबं ठेवून होतात, नारळ फुटतो. मग तू वाटीतलं तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतेस आणि बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढतेस. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरून तुझ्या उजव्या हाताच्या बोटाला सुतानं चर पाडला होता. त्यामुळे तू ओढलेल्या कुंकवाच्या रेघेत आत एक बारीक कोरी रेघ राहायची. उंबऱ्यावरचं, देव्हाऱ्यावरचं, कुठलंही स्वस्तिक तू काढलं आहे की दुसऱ्या कोणी, हे मला त्यावरून सांगता यायचं. त्या दिवशी तू दोन पावलं मागे सरून पाहिलंस आणि दारातून दिसणाऱ्या बाबांच्या फोटोकडे एकदा नजर टाकलीस.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती आणि कंपनीतले मित्र गाडी पाहायला येणार होते. सकाळी पाहतो तर कुंकू वाळून कडक झालेलं. ओल्या फडक्यानं पुसलं तर लाली आणखीच पसरली. माझं डोकं फिरलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो, भांड्यांची हिरवी घासणी आणि पावडर घेऊन आलो आणि घासत सुटलो. कुंकू गेलं. वरून पाणी ओतलं तेव्हा सगळं झकास दिसत होतं. पाणी सुकलं आणि त्या जागी ताटाएवढा पांढुरका, मेलेला गोल वर आला. तू पायरीवर उभी राहून पाहत होतीस. मी तिथूनच ओरडलो, "पाह्य, तुह्या कुंकवानं नव्या गाडीचा रंग खाल्ला! काहून लावलं एवढं?" समोरच्या घरातल्या दोघी बाहेर येऊन ऐकत होत्या, हे मला दिसत होतं, तरी मी आवाज खाली आणला नाही. तू म्हणालीस, "मले काय मालूम गा बाबू, कुंकवानं असं होते म्हणून." एवढं बोलून तू पदराला हात पुसत आत गेलीस. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

त्यानंतर कोणी पाहुणा आला आणि बॉनेटकडे त्याचं लक्ष गेलं की मी काही बोलायच्या आत तूच सांगायचीस, "माह्याच हातानं झालं जी ते. मले समजलं नाही." लोक म्हणायचे, जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाला काय ठाऊक. मीही मान हलवायचो. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढच्या दसऱ्याला तू ताट तुझ्या सुनेच्या हाती दिलंस आणि स्वतः पायरीवरूनच हात जोडलेस. त्या गाडीला तू पुन्हा कधी बोट लावलं नाहीस. आत बसताना दार कोणीतरी उघडायचं आणि कोणीतरी लावायचं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा तू मागे बसली होतीस, दोन्ही हात मांडीवर. तुला मळमळत होतं आणि काच खाली करायची होती. तू विचारलंस, "काचेले हात लागला तं चालते का गा?" मी म्हणालो, "चालते ना आई." पण ते रस्त्याकडे पाहत म्हणालो, मागे वळलो नाही.

आता तुझ्या नातीला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. जुनी गाडी तीच घेऊन जाणार आहे, नवी नको म्हणते. फक्त म्हणाली, "बाबा, तेवढं आजीच्या डागाचं पाहा ना. पार्किंगमध्ये लाजल्यासारखं होते." मी रिटायर झालेला माणूस, मला काम मिळालं. या विषयात माझं ज्ञान म्हणजे एक बादली, भांड्यांचा साबण आणि माझी जुनी बनियान. मोबाइलवर पाहायला बसलो तर एक म्हणतो मेण लावा, दुसरा म्हणतो मेण लावाल तर पस्तावाल, तिसरा टूथपेस्ट घासून दाखवतो. सीताबर्डीला एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं गाडी कोणती, डाग कशाचा, काही म्हणता काही विचारलं नाही. एक लाल बाटली पुढे सरकवली, "घेऊन जा ना काका, एक नंबर हाय. लावा अन् चमकवा." घरी आणून लावली. दोन दिवस चमकलं, तिसऱ्या दिवशी डाग जागच्या जागी. तुझी सून म्हणाली, बाटलीच जास्त चमकत होती.

मग शेजारच्यांनी एका बाईंचा पत्ता दिला. रिंग रोडकडे एका गाळ्यात त्यांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, मागच्या बाजूला गाड्यांचं डिटेलिंगही करतात. डिटेलिंग म्हणजे गाडीची नुसती धुलाई नाही, तर रंग, काचा, आतलं सगळं बारकाईनं साफ करून जपायचं काम. बाई चाळिशीच्या असतील. मी गेल्या गेल्या म्हणालो, डाग घालवायची बाटली द्या. त्यांनी बाटली दिली नाही, स्टूल दिलं. "बसा काका. पहिले सांगा, गाडी उन्हात उभी राहते का सावलीत? पाणी बोरचं आहे का? धुता कशानं?" मी बनियानीचं सांगितलं तशा त्या हसल्या. "मग पहिले बनियानीले सुट्टी द्या. बनियानीत मातीचा कण अडकते अन् तोच तुम्ही गाडीभर फिरवता." नवशिक्यानं काय घ्यावं हे त्यांनी मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं. दोन बादल्या ठेवायच्या, एक शाम्पूची, एक फडकं खंगाळायची. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. ऊन चढायच्या आत उरकायचं, नाहीतर बोरच्या पाण्याचे ठिपके बसतात. पॉलिश आधी सगळ्यात सौम्य, तेही तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहायचं. पॉलिशचं मशीन मागितलं तर म्हणाल्या, "नाही देणार. पहिल्यांदाच मशीन लावाल तर रंग उडवून बसाल." गिऱ्हाईक हातात असताना नको म्हणणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला.

मग बाई बाहेर गाडीपाशी आल्या. मी म्हणालो, नवी असताना कुंकू लावलं होतं, कुंकवानं रंग खाल्ला. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि तिरका धरून डागाकडे पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "वाका जरा, पाहा." मी वाकलो. त्या उजेडात आडव्या, उभ्या, गोल अशा शेकडो बारीक रेघा. "काका, हे कुंकू नाही. दसरा झाला का माह्याकडे अशा कितीतरी गाड्या येतात. कुंकवाचा रंग आत उतरला, तर लालसर झाक राहते, अन् स्वस्तिकाच्याच आकाराची राहते. इथं स्वस्तिक आहे का? हे घासणीचे चरे आहेत. रंगावर काचेवानी एक थर असते, तो घासून काढला आहे." मी इतकी वर्षं खात्रीनं समजत होतो की त्या पांढुरक्या गोलात तुझ्या बोटाची रेघ आहे. शोधली. नव्हती. मी विचारलं, मग कुंकू काढायचं कसं होतं? त्या म्हणाल्या, "शाम्पूच्या पाण्यात फडकं भिजवून पाच मिनिटं ठेवलं असतं तर आपोआप सुटलं असतं." मग त्यांनी विचारलं, "कोणी घासलं हो इतकं?" मी काही बोललो नाही.

आज सकाळी सावलीत बसून त्यांनी सांगितलं तसं केलं. धुतलं, सुकवलं, बाजूचा रंग जपायला कडेला चिकटपट्टी लावली आणि स्पंजावर वाटाण्याएवढं पॉलिश घेऊन हलक्या हातानं फिरवत राहिलो. तासाभरात निळा रंग वर यायला लागला. आनंद व्हायला हवा होता. पण हात चालत असताना मला आपली हिरवी पत्र्याची पेटी आठवली, तुझ्या माहेरची, झाकणावर गुलाब रंगवलेली. मी सात-आठ वर्षांचा असेन. दिवाळीची साफसफाई चालू आहे, तू चुलीशी आहेस, आणि तुला खूश करायचं म्हणून मी काथ्या आणि राख घेऊन ती पेटी घासायला बसलो आहे. तू तशीच उठून येतेस आणि माझा हात धरतेस. "काथ्यानं नाही गा बाबू! रंगाले चरे पडतात. ओलं फडकं ठेव अन् निवांत पूस." तुझा हात ओला आहे आणि पकड घट्ट आहे. एका गुलाबाची पाकळी तेवढ्यात गेलीच होती.

म्हणजे तुला माहीत होतं, आई. पायरीवर उभी राहून तू मला घासणी फिरवताना पाहत होतीस, आणि डाग कशानं पडला हे तुला त्याच क्षणी कळलं होतं. शेजारणी ऐकत होत्या, माझे मित्र यायचे होते, आणि एवढी हौसेची गाडी मी स्वतःच्या हातानं खराब केली हे तू मला चारचौघांत दिसू दिलं नाहीस. पुढची चार वर्षं, आलेल्या प्रत्येकासमोर, तू तो डाग स्वतःच्या अंगावर घेतलास. मी तो घेऊ दिला. रागाच्या भरात एकदा बोलून गेलो असतो तर वेगळी गोष्ट होती. पण तू काचेला हात लावू का विचारत होतीस तेव्हा मला राग नव्हता, तेव्हा तरी एक शब्द बोलता आला असता. मला लाज वाटते.

संध्याकाळी तुझी नात कामावरून आली. बॉनेटवरून हात फिरवून म्हणाली, "आजीचा डाग गेला!" मी म्हणालो, तो आजीचा नव्हता, माझा होता. सगळं सांगितलं, घासणी, पावडर, ओरडणं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "आजीले माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिला मी सगळं सांगितलं असं तिला वाटतं. मलाही मघापर्यंत तसंच वाटत होतं.

पण वर लिहिलं आहे की दुकानातल्या बाईंनी विचारल्यावर मी काही बोललो नाही. ते खरं नाही. कोणी घासलं, असं त्यांनी विचारलं, आणि ते चरे डोळ्यांनी पाहिल्यावरसुद्धा, क्षणभरही न थांबता, मी म्हणालो, "आईनं."