बाईंच्या नाकावरची मधमाशी

आई,
लांबूनच वाकून नमस्कार.

जीव भांड्यात पडला बघ! आमच्या टेकडीवर बाहेरच्या जातीच्या मधमाश्या आणायला बंदी आली. आमच्या मधपाळ गटाने जपलेल्या देशी राणीमाश्यांची आता बाहेरच्या नरांशी सरमिसळ होणार नाही. माझी नोकरीही टिकली.

सगळं नगरसेविका बाईंच्या मतावर अडलं होतं. त्या टेकडी बघायला आल्या, त्या अत्तरात न्हाऊनच! अत्तराने माश्या चवताळतात, हे त्यांना आधी सांगायचं आम्ही सगळेच विसरलो. मधपेटी उघडली तशी एक माशी थेट त्यांच्या नाकावर बसली. बाई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या, आणि माशी उडून गेली.

काल बैठकीत त्या म्हणाल्या, "एवढ्या अत्तरातही जी मला चावली नाही, ती जात मी घालवू?"

सोबतच्या फोटोत माझा डोळा सुजलेला दिसेल. बाईंवरचा राग माश्यांनी माझ्यावर काढला, पण ते आम्ही बाईंना सांगितलेलं नाही. आता उतरलीय सूज.

घरी परतायला भरून ठेवलेली बॅग आज रिकामी केली.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या खोलीच्या खिडकीत पोळं लागलंय म्हणालीस. दादाला धूर करू देऊ नकोस. ती खोली रिकामी बघवत नाही म्हणायचीस ना? राहू दे त्या माश्यांना तिथे.

तुझी,
धाकटी